आधी मोगऱ्याचं बोला, मग खताचं

तुमचा माल एखाद्या ऑनलाइन ग्रुपवर विकायचा विचार असेल, तर पहिले तीन आठवडे तिथे मालाचं नावही काढू नका. नुसतं वाचा. हे मी आज ठामपणे सांगते, कारण २०१९ साली मी नेमकं याच्या उलट केलं होतं.

आमचा मळा सासवडपासून थोडा आत, अंजीर-सीताफळाचा. दोन गाई, एक म्हैस. शेण आणि पालापाचोळा भरपूर, म्हणून गांडूळ खताचे दोन तयार बेड, म्हणजे शेण-पाला भरून गांडुळं सोडायचे हौद, आणून टाकले, बारा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट उंच. पहिला बेड निघाला तेव्हा चारशे किलोच्या वर खत हाती आलं. गावात ते कोण विकत घेणार? घरटी उकिरडा आहे. गरज होती पुण्यात गच्चीवर आणि बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्यांना. भाच्याने मोबाईलवर एक देखणं चित्र करून दिलं, वर मोठ्या अक्षरात ‘१००% सेंद्रिय’, खाली माझा नंबर. एका रात्रीत मी ते बागकामाच्या अकरा फेसबुक ग्रुपांवर टाकलं. सकाळी उठून बघते तर चार ग्रुपांनी मला काढून टाकलेलं, दोन ठिकाणची पोस्ट उडवलेली, आणि पुढचे काही दिवस मला कुठेच काही लिहिता येईना. एकच मजकूर भराभर डकवणारं खातं तिथली यंत्रणा आपोआप अडवते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. फोन एकही आला नाही.

त्या ग्रुपांवरची माणसं तिथे खरेदीला येतच नाहीत. कुणाच्या जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं दिसतंय, कुणाचे टोमॅटो खालून काळे पडतायत, कुणाला लिंबाला पहिलं फळ लागल्याचा आनंद सांगायचाय. अशा गप्पांत मधेच पोतं आणून आपटलं की माणसं उठून जातात, नाहीतर तुम्हाला उठवतात.

वाचताना वही जवळ ठेवा

मी शंभर पानी वही घेतली आणि रोज रात्री जेवणं आटोपली की अर्धा तास नुसती वाचत बसायचे. कोण काय विचारतंय, कोणत्या शब्दांत विचारतंय आणि कोणत्या महिन्यात विचारतंय, एवढंच लिहायचं. वर्षभरात त्या वहीत एक पंचांगच तयार झालं. जानेवारी-फेब्रुवारीत मोगरा: कळ्या का येत नाहीत. एप्रिल-मे: पानं करपतात, आठ दिवस गावाला जायचंय, पाण्याचं काय करू. जून: कुंडी बदलायची आहे, माती कशी भरू. ऑगस्ट: गोगलगाई आणि बुरशी. ऑक्टोबर: गुलाबाची छाटणी, मेथी-कोथिंबीर, टोमॅटोची रोपं.

यातून मला पहिला फायदा झाला तो विक्रीचा नव्हे, उत्पादनाचा. बेड भरल्यापासून खत तयार व्हायला ४५ ते ६० दिवस लागतात. मागणी जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये उसळते. म्हणजे बेड भरायचे ते एप्रिलच्या सुरुवातीला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आधी मी शेण साठेल तसे भरायचे, आणि नेमक्या जूनमध्ये माझ्याकडे अर्धं कच्चं खत असायचं.

दुसरा फायदा शब्दांचा. मी ‘सेंद्रिय कर्ब’, ‘सूक्ष्म अन्नद्रव्यं’ असलं पोत्यावरचं लिहीत होते. लोक विचारत होते, ‘वास येईल का? बाल्कनीत झुरळं होतील का? एका कुंडीला किती मुठी?’ आज माझ्या प्रत्येक पोस्टमध्ये या तिन्ही प्रश्नांची उत्तरं असतात. वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. झुरळं होत नाहीत, कारण कुजण्याचं काम मळ्यावरच संपलेलं असतं. दहा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी.

याच काळात ग्रुपचे नियमही वाचून घ्या. ते बहुतेक ठिकाणी वर डकवून ठेवलेले असतात आणि ग्रुपागणिक वेगळे असतात. कुठे रविवारी एका ठरलेल्या धाग्याखालीच, म्हणजे एकाच पोस्टखाली, जाहिरात चालते, कुठे अ‍ॅडमिनची परवानगी लागते, कुठे विक्री अजिबात चालत नाही. ज्या चार ग्रुपांनी मला काढलं होतं, त्यांच्या अ‍ॅडमिनना मी नंतर एकेक करून निरोप धाडला: ‘मी नियम न वाचता जाहिरात टाकली, चूक झाली. मी स्वतः खत तयार करते. जाहिरात करणार नाही, पण कुंड्यांबद्दल काही विचारलं तर उत्तरं द्यायला आवडेल. परत घ्याल का?’ तिघांनी घेतलं. त्यातल्या एका ताईंशी आज घरोबा आहे.

उत्तर कसं द्यायचं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी रोज दोनच प्रश्नांना उत्तर देते, पण ते पुरं देते.

एक उदाहरण सविस्तर सांगते. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. कोथरूडच्या एका काकूंनी मोगऱ्याचा फोटो टाकला. झाड हिरवंगार, कमरेएवढं, आणि दोन वर्षांत एक फूल नाही. खाली वीसेक प्रतिसाद: शेणखत घाला, चहाचा चोथा घाला, डीएपीसारखं रासायनिक खत घाला. मला तर आयतं कोलीत मिळालं होतं, ‘आमचं गांडूळ खत घाला’ म्हणायला. मी आधी तीन प्रश्न विचारले. ऊन किती तास मिळतं? कुंडी किती इंची? गेल्या दोन महिन्यांत काय काय घातलंय? काकूंनी लिहिलं: सकाळचं दोन तास ऊन, बारा इंची कुंडी, दर पंधरा दिवसांनी मोहरीच्या पेंडीचं पाणी.

माझं उत्तर असं होतं: ‘काकू, याला आता खत नकोच. पेंडीत नत्र जास्त, म्हणून पानं वाढतायत आणि फुलं मागे राहतायत. मोगऱ्याला पाच-सहा तास ऊन लागतं, कुंडी गच्चीवर नेता आली तर न्या. या रविवारी झाड एक तृतीयांश छाटा, उरलेली पानं हाताने खुडा. आठ दिवस पाणी अगदी बेताचं द्या. मग नेहमीसारखं सुरू करा. तीन-चार आठवड्यांत नवा फुटवा दिसेल, कळ्या त्याच फुटव्याच्या टोकाला येतात. तोवर पेंड बंद.’

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी फोटो टाकला. देवघरासमोर पितळेची वाटी, मोगऱ्याने काठोकाठ भरलेली. वर लिहिलं होतं, खत विकणाऱ्या ताईंनी मला खत घालू नका सांगितलं. त्या दिवशी सात जणांनी मला विचारलं की तुमचं खत कुठे मिळतं. काकूंनी स्वतः जूनमध्ये दहा किलो नेलं, कुंड्या बदलायला.

ते उत्तर पुन्हा वाचा, त्यात चार गोष्टी आहेत. आधी विचारपूस. मग एकच कारण, पाच शक्यता नाहीत. मग आज काय करायचं ते. आणि शेवटी, किती दिवसांनी काय दिसेल ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण त्यामुळेच माणूस परत येऊन सांगतो, आणि ते त्याचं परत येणं ग्रुपवर सगळे बघतात.

आपल्या मालाने जे होणार नाही, ते होईल असं चुकूनही लिहू नका. गांडूळ खतात नत्र जेमतेम एक-दीड टक्का. युरियात ४६. मग पिवळा पडलेला कढीपत्ता आठ दिवसांत हिरवा होईल असं मी कशाच्या जोरावर लिहू? बहुतेक वेळा त्या कुंडीचं भोक बुजलेलं असतं आणि मुळं पाण्यात उभी असतात. ‘काडीने भोक मोकळं करा’ एवढंच उत्तर असतं आणि त्यात माझा एक रुपयाही नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाचंही, म्हणजे त्या पांढऱ्या कापसासारख्या किडीचंही, तसंच. ओल्या कापसाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारा, आठवड्यातून एकदा, असं तीन आठवडे. निंबोळी तेल मी विकत नाही. तरी सांगते. गांडूळ खत खरं कामाला येतं ते मातीला भुसभुशीत करायला, ओल धरायला, मुळं चालायला, आणि तिथे मात्र मी हातचं न राखता सांगते.

मला एक प्रश्न नेहमी येतो, की घरच्या ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं हेही तुम्ही शिकवता, मग गिऱ्हाईक तुटत नाही का? नाही तुटत. पुण्यात कितीतरी सोसायट्या स्वतःचं खत करतात, गांडूळ खत प्रकल्प चालवणाऱ्यांना महापालिका मिळकत करात सवलतही देते. पण चार माणसांच्या घरातल्या कचऱ्याचं खत व्हायला दोन-तीन महिने जातात आणि जूनमध्ये वीस कुंड्या एकदम भरायच्या असतात. तेव्हा तीच माणसं माझ्याकडे येतात, आणि त्यांना खत हातात घेऊन पारखता येतं, म्हणून भाव करत बसत नाहीत.

जे येत नाही, ते येत नाही म्हणून सांगा. ऑर्किडबद्दल मला काही कळत नाही. तसा प्रश्न आला की त्यातल्या जाणकार सभासदाचं नाव खाली जोडून मी बाजूला होते.

आपण विकतो हे लपवू नका

माझ्या खात्यावर नावाखाली पहिल्याच ओळीत लिहिलंय: सासवडला गांडूळ खत तयार करते, पुण्यात बुधवारी आणि शनिवारी पोहोच. उत्तर वाचून कुणी नावावर बोट ठेवलं की पुढचं त्याला आपोआप कळतं. उत्तरात नंबर टाकायची गरज पडत नाही. आणि जिथे गांडूळ खताचाच सल्ला द्यायचा असतो तिथे मी स्पष्ट लिहिते, ‘मी हे विकते, त्यामुळे दुसऱ्या कुणाचंही मत घ्या. कुठूनही घ्या, पण हातात घेऊन वास बघा. शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे.’

भाच्याने मध्यंतरी सुचवलं होतं की दोन-तीन दुसऱ्या नावांची खाती काढू, त्यावरून आपणच प्रश्न विचारू आणि आपणच वाहवा करू. मी त्याला चुलीपाशी बसवून समजावलं. एक तर ती फसवणूक आहे. ऑनलाइन अभिप्राय खरे असावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकच काढलंय, आणि खोट्या जाहिरातीला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. पण कायदा राहू द्या बाजूला. बागकामाच्या ग्रुपवरच्या बायका फोटोतल्या कुंडीचा टवका ओळखतात. ‘ही कुंडी तर मागच्या महिन्यात दुसऱ्याच बाईंच्या नावाने पाहिली होती,’ असं एकीने लिहिलं की संपलंच सगळं.

गिऱ्हाइकालाही मी ‘आमच्याबद्दल चांगलं लिहा’ म्हणत नाही. महिन्याने एकच निरोप जातो: ‘काकू, झाड कसं आहे? फोटो धाडाल का?’ झाड बरं नसेल तर तेही कळतं आणि दुरुस्त करता येतं. बरं असेल तर फोटो पुष्कळदा त्या आपणहून ग्रुपवर टाकतात.

जाहिरातीच्या दिवशी मात्र जाहिरात जाहिरातीसारखी करा, आडवळणाने नाही. किंमत लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ हे वाक्य लोकांना आवडत नाही, आणि मलाही नाही. माझी पोस्ट साधारण अशी असते:

‘गांडूळ खत, स्वतःच्या मळ्यावरचं, परवा चाळलेलं. ५ किलो १५० रुपये, १० किलो २८०. बुधवारी हडपसर, स्वारगेट, कोथरूड. घरपोच नाही, ठरलेल्या जागी टेम्पो अर्धा तास थांबतो. या खेपेला फक्त ४० पिशव्या आहेत. दहा इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी पुरतात, त्यामुळे सहा-सात कुंड्या असतील तर ५ किलोच घ्या.’

सोबत दोन फोटो. एक चाळणीतून पडणाऱ्या खताचा, चहाच्या पावडरीसारखं दिसतं ते. दुसरा प्रयोगशाळेच्या तपासणी अहवालाचा. गांडूळ खत सरकारच्या खत नियंत्रण आदेशात येतं, म्हणून स्वतःच्या नावाची पिशवी काढण्याआधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात जाऊन कागदपत्रांचं विचारून घ्या. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांनी तसंच अन्नसुरक्षेच्या नोंदणीचं बघावं आणि तो चौदा अंकी नंबर पोस्टमध्ये द्यावा. मसाले-लोणच्यांच्या पोस्टखाली तो हमखास विचारला जातो.

तक्रार आली त्या रात्रीबद्दल

जुलै महिना, रात्रीचे दहा. एका ताईंनी ग्रुपवर माझ्या पिशवीचा फोटो टाकला. उघडलेली पिशवी, खतावर पांढरे बारीक किडे, आणि वर मजकूर: ‘यांच्याकडून घेतलं, हे बघा काय निघालं.’ पाच मिनिटांत तीस प्रतिसाद. काळजात धस्स झालं. माझा पहिला विचार अ‍ॅडमिन ताईंना फोन करून ती पोस्ट काढायला सांगायचा होता. बरं झालं, केला नाही.

मी त्याच पोस्टखाली लिहिलं: ‘ताई, पिशवी माझीच आहे. हे किडे ओलाव्यात होणारे आहेत, झाडाला खात नाहीत. पण ते झाले, कारण खत जास्त ओलं होतं, आणि ती चूक माझी. गेल्या आठवड्यात सलग पाऊस होता, सावलीत पुरतं सुकण्याआधी मी पिशव्या भरल्या. उद्या तुम्हाला फोन करते. पैसे परत किंवा दुसरी पिशवी, तुम्ही म्हणाल तसं. त्याच दिवशीच्या आणखी २२ पिशव्या गेल्यात, ज्यांच्याकडे असतील त्यांनी कागदावर पसरून दोन दिवस सावलीत ठेवावं, आणि नको असेल तर मला कळवावं.’

शेवटचं वाक्य लिहिताना हात थरथरत होता. बावीसच्या बावीस परत आल्या असत्या तर त्या खेपेचे पैसे बुडाले असते. पाच जणांनी कळवलं. पाचही पिशव्या बदलून दिल्या. तेव्हापासून पावसाळ्यात खत पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीवर चार दिवस पसरते, मुठीत दाबून बघते. गोळा होऊन बोटाने सहज फुटला पाहिजे, पाण्याचा थेंब सुटता कामा नये. पिशवीला सुयाने भोकं पाडते. आणि पिशवीवर चाळल्याची तारीख टाकते.

तक्रारीला उत्तर देताना एवढं सांभाळा: जिथे तक्रार आली तिथेच पहिलं उत्तर द्या, खासगीत नको. आपली चूक कुठपर्यंत आणि कुठून पुढे नाही, हे दोन वाक्यांत मांडा. नुकसानभरपाई सगळ्यांसमोर कबूल करा, तिचा तपशील फोनवर ठरवा. आणि तुमची बाजू घेऊन कुणी त्या ताईंना टाकून बोलायला लागलं तर त्यांना तुम्हीच थांबवा. माझ्या बाजूने एक दादा फार तावातावाने लिहीत होते. मी त्यांना लिहिलं, ‘दादा, ताईंचं बरोबर आहे.’ पुढच्या रविवारी जाहिरातीच्या धाग्याखाली तीन नव्या गिऱ्हाइकांनी लिहिलं की तो वाद वाचून आम्ही तुमच्याकडे आलो.

बाकीच्या जागा

व्हॉट्सअ‍ॅपच्या सोसायटी ग्रुपवर बाहेरच्याने शिरू नये. त्या सोसायटीतलं एक समाधानी गिऱ्हाईक असलं की पुरे. त्यांच्याकडे एकदम दहा पिशव्या उतरवायची सोय होते का, एवढंच मी विचारते. बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपवर मालाची यादी किमतीसकट लावून ठेवली की तेच तेच उत्तर टंकावं लागत नाही. ब्रॉडकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना धाडलेला, निरोप मात्र ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच पोहोचतो, म्हणून पिशवीवर ‘हा नंबर जतन करा, पुढची तारीख कळेल’ असं छापलंय.

मायबोलीसारख्या जुन्या मराठी संकेतस्थळावर, १९९६ पासून चालू आहे ते, वाचक वेगळा. तिथे दोन ओळींत भागत नाही. पण नीट लिहिलेला लेख वर्षानुवर्षं शोधात सापडत राहतो, आणि परदेशातले मराठी लोक पुण्यातल्या आईवडिलांसाठी विचारणा करतात. जाहिरातींना तिथे वेगळी जागा आहे, ती तिथेच द्यावी. मराठी कोरा (Quora) या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरही तसंच. सवडीने महिन्याला एक सविस्तर उत्तर, बस.

एकाच वेळी पाच ठिकाणी पळू नका. मी दोन फेसबुक ग्रुप धरलेत, बाकीच्या ठिकाणी जमेल तसं.

आणि हिशेब ठेवा. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी विचारते, ‘कुठून कळलं?’ उत्तर वहीत. मोठ्या सभासदसंख्येच्या ग्रुपवरून मला वर्षात चार गिऱ्हाइकं आली, आणि फक्त पुण्यातल्या गच्चीबागांच्या छोट्या ग्रुपवरून साठच्या वर. मोठ्या ग्रुपवरचे लोक नागपूर, जळगाव, इंदूरचे. पाच किलो खत कुरिअरने तिकडे धाडायला खतापेक्षा भाडं जास्त. हे वहीने दाखवलं नसतं, तर मी आजही तिथेच वेळ घालवत असते.

माल संपला की त्याच दिवशी पोस्टखाली ‘संपलं’ लिहा आणि पुढची तारीख द्या. तारीख हुकणार असेल तर ती यायच्या आधी कळवा. दर जूनमध्ये माझं खत दहा दिवसांत संपतं. तेव्हा कुणी विचारलं तर मी सांगते की पुढचा बेड वीस तारखेला निघेल, तोवर थांबायचं नसेल तर जवळच्या रोपवाटिकेतून जुनं, कुजलेलं शेणखत घ्या आणि मातीत चौथा हिस्सा मिसळा. कुंडी भरायचा मोसम माझ्या बेडसाठी थांबत नाही.